गाण्याचे तिकीट किती असावे?

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात जमीन, पाणी, कापसाचा भाव या विषयांवर व्याख्याने होतात. त्यांच्या शेजारी गाण्याच्या तिकिटावरील व्याख्यान पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मलाही ते आले होते. परंतु आपल्यापैकी अनेकजण आपापल्या तालुक्यात शे-दोनशे श्रोत्यांचे लहान कार्यक्रम करीत असतात. कुणी गझलेची बैठक ठेवतो, कुणी भीमगीतांची रात्र, कुणी जुन्या भावगीतांची संध्याकाळ. प्रत्येक वेळी समितीच्या बैठकीत एकच प्रश्न वेळ खातो : तिकीट ठेवायचे की नाही, आणि ठेवले तर किती? या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा अंदाजाने देतो आणि तो अंदाज चुकला म्हणजे भुर्दंड कुणाला पडतो याची चौकशी करीत नाही.

मी स्वतः अशा एका समितीचा खजिनदार होतो. गावाचे नाव सांगत नाही; आपल्या जिल्ह्यातील सोळा तालुक्यांपैकी कोणतेही धरा. ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ अशी पत्रके आम्ही मोठ्या अभिमानाने वाटली. सभागृह भरले, गाणे रंगले, शेवटी झोळी फिरविली. झोळीत तीन हजारांच्या आसपास रक्कम जमली. साऊंडवाला टेम्पो सुरू करूनच उभा होता; त्याने आपले पैसे मोजून घेतले. सभागृहाचे भाडे आधीच भरलेले होते. मंडपवाल्याची बाकी दुसऱ्या दिवशी चुकविणे भाग पडले, कारण त्याच्याशी पुढेही गाठ होती. गायकाला शाल, श्रीफळ आणि ठरल्याच्या निम्मे मानधन दिले. तबलजी साठ किलोमीटरवरून मोटारसायकलने आला होता. तो एका जिनिंगमध्ये कामाला होता आणि त्या दिवसाची पाळी बुडवून आला होता. त्याला आम्ही म्हणालो, ‘पुढच्या वेळी नक्की बघू.’ तो म्हणाला, ‘जाऊ द्या, भाऊ.’ रात्री बारा वाजता डग्गा-तबला पाठीशी बांधून तो निघून गेला.

मित्रहो, त्या रात्रीचा कार्यक्रम फुकट झाला नव्हता. सभागृहातील सर्वांचे तिकीट त्या एकट्या तबलजीने काढले होते. मालकाने मजुराची एक दिवसाची मजुरी बुडविली तर तहसील कचेरीवर मोर्चा नेणारे आम्ही, आणि आम्हीच ती बुडविली. ही गोष्ट समितीतील एकाच्याही ध्यानात त्या वेळी आली नाही. उलट कार्यक्रम यशस्वी झाला म्हणून आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले.

मुक्त प्रवेशाच्या बाजूने जे बोलले जाते ते मी हलके मानत नाही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी नेहमी म्हणतात, ‘वऱ्हाडात गाणे कधी विकले गेले नाही.’ तुकडोजी महाराजांच्या खंजिरीला तिकीट नव्हते. गाडगेबाबांच्या कीर्तनाला दारावर कुणी उभा नसे. गावोगावची भजनी मंडळे, होळीला तांड्यांवर होणारी बंजारा समाजाची लेंगी, दिवाळीत गोंड-कोलाम वस्त्यांतील दंडार, आर्णीच्या उरुसातील कव्वाली, यांपैकी कशालाच तिकिटाची खिडकी नाही. हे सर्व खरे आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष मात्र आपण घाईने काढतो.

आपल्याकडे इरजिक नावाची रीत होती. एखाद्याची नांगरणी मागे पडली, की शेजारी आपापले बैल घेऊन त्याच्या वावरात जात आणि काम उरकून देत. त्याने सर्वांना जेवू घालायचे. आपल्या जिल्ह्याचे कवी शंकर बडे यांनी आपल्या काव्यसंग्रहाला तेच नाव दिले. इरजिकेत कुणी पैसे घेत नाही, म्हणून ती फुकट असते काय? आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या, असा तो हिशेब असतो; फक्त तो वहीत लिहिलेला नसतो. भजनी मंडळाचे गाणे या जातीचे आहे. तेथे गाणारा आणि ऐकणारा वेगळे नसतात. टाळ हातात असलेला प्रत्येकजण गातो आणि पेटी वाजविणारा उद्या आपल्याच शेजाऱ्याच्या बैलांनी नांगरणी करून घेणार असतो.

परंतु आपण दारव्ह्याचा गायक वणीला बोलावतो, त्याला मंचावर बसवितो, समोर दोनशे खुर्च्या मांडतो, तेव्हा ही इरजीक राहत नाही. वणीचा श्रोता दारव्ह्याच्या गायकाच्या शेतात नांगर धरायला जाणार नसतो. जेथे देवाणघेवाणीची फेड श्रमाने होऊ शकत नाही, तेथे ती पैशानेच झाली पाहिजे, आणि किती ते आधी ठरले पाहिजे. गाणे विकले जाते या कल्पनेने आपल्याला लाज वाटते. गवयाचे श्रम फुकट घेण्याची मात्र वाटत नाही.

इतिहासाकडे पाहिले तर तिकिटाविषयीचा आपला आकस अधिकच विचित्र ठरतो. तिकिटापूर्वी काय होते? दरबार होता, वाडा होता, शेटजींचा दिवाणखाना होता. गवयाला बिदागी मिळे ती मालकाच्या मर्जीने. तमाशाच्या फडात दौलतजादा होई. नोट उंच धरून नाचणारीला आपल्यापर्यंत यायला लावणारा जो हात होता, तो कलेची किंमत करीत नव्हता, कलावंतिणीची पायरी दाखवीत होता. तिकीट आले आणि ऐकणारा व गाणारा यांच्यामध्ये एक कागदाचा तुकडा उभा राहिला. चार आणे देणाऱ्याला गाणे ऐकण्याचा हक्क मिळाला. पण त्यापलीकडे कलावंतावर त्याचा कसलाही हक्क उरला नाही. लोकशाहीच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. संगीत नाटक मंडळ्या वऱ्हाडात दौरे करीत, ते या तिकिटाच्या बळावर. कापसाचा पैसा हातात खेळत होता म्हणून ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ असे लोक म्हणत. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या मंडळ्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले, तेही तिकीट लावूनच. देशकार्याला तिकीट चालते. मग तबलजीच्या घरकार्याला का चालू नये?

आकाशवाणीचेही उदाहरण घ्या. तेथे कलावंताची चाचणी होते, त्याला श्रेणी मिळते आणि श्रेणीनुसार मानधन मिळते. त्या पद्धतीविषयी तक्रारी असतील, पण एक गोष्ट तिने केली : गाण्याचा मोबदला हा शाल-श्रीफळाचा विषय राहिला नाही, तो लेखी करार झाला.

आणि शेजारच्या झाडीपट्टीकडे तर आपण मुद्दाम पाहावे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे तिथल्या नाटक कंपन्यांचे केंद्र आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत त्यांचा हंगाम चालतो. गावातील मंडळ कंपनीशी रक्कम ठरविते, तिकिटे मंडळ विकते, रात्रभर नाटक होते. लोक शेतकरी आणि शेतमजूर, थंडीत सतरंजी घेऊन येणारे. तरीही तिकीट काढतात. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याला या रंगभूमीची आठवण झाली, पण तिच्या अर्थव्यवहाराकडे कुणी फारसे पाहिले नाही. त्यातील मर्म एवढेच आहे, की कंपनीची रक्कम आधी ठरते आणि गर्दी कमी जमली तर जोखीम बोलावणाऱ्या मंडळाची असते. माझ्या समितीत याच्या नेमके उलट घडले होते. बोलावणारे आम्ही आणि जोखीम वाजविणाऱ्याची.

आता ज्याला खरोखर फुकट कार्यक्रम म्हणतात त्याविषयी दोन शब्द. नवरात्रात, गणपतीत, निवडणुकीच्या आधीच्या वर्षात चौकाचौकात मोठे ऑर्केस्ट्रे होतात. प्रवेश मुक्त असतो आणि सुपारी भरभक्कम असते. ती कोण देतो ते मंचामागच्या फलकावर हात जोडून उभे असते. तेथे कलावंताला पैसे मिळतात, हे मी मान्य करतो. आमच्यापेक्षा ते लोक त्या बाबतीत प्रामाणिक म्हटले पाहिजेत! पण तेथे श्रोता हा गिऱ्हाईक नसतो, तोच माल असतो. त्याची गर्दी मोजून ती दुसऱ्या कुणाला तरी दाखविली जाते. गायकाने मध्येच थांबून अमुक भाऊंचे आगमन झाल्याचे सांगावे लागते. तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यांपुढे भाऊंना मुकाट्याने आपल्या जागेवर बसावे लागते.

तर आकडा कसा काढायचा? उदाहरणादाखल हिशेब मांडतो. आपापल्या गावच्या दराप्रमाणे तो बदलून घ्यावा. गायक आणि चार साथीदार असे पाच जण धरा. प्रत्येकी २,००० रुपये, म्हणजे १०,०००. गायकाला दहा आणि ढोलकीवाल्याला पाचशे ही रीत मला पसंत नाही. फरक ठेवायचाच तर तो कलावंतांनी आपसात ठरवावा, आपण नव्हे. प्रवास व जेवण २,५००, साऊंड ३,५००, सभागृह २,५००, पत्रके, तिकिटे, परवाने १,५००. एकूण २०,००० रुपये. सभागृहात अडीचशे जागा आहेत. समितीतील उत्साही मंडळी लगेच २०,००० ला २५० ने भागतात आणि ८० रुपये असा आकडा काढतात. तेथेच चूक होते. सभागृह भरेल असे धरून भागाकार करू नये. पाचांतील तीन जागा भरतील असे धरा. दीडशे श्रोते झाले, म्हणजे माणशी १३३ रुपये पडले.

हा आकडा घेऊन आपण थेट तिकिटावर छापू शकत नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला. म्हणजे १३३ रुपयांच्या एका तिकिटासाठी मजुराचा दिवसाचा दोन-पंचमांश भाग जातो. नवराबायकोने यायचे तर जवळजवळ सबंध दिवस. एकंदर खर्चाने काढलेला दर आणि मजुराच्या खिशाने काढलेला दर हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि त्यांच्यातील अंतर भरून काढणे एवढेच खरे म्हणजे तिकीट ठरविणे होय.

मला सुचलेले माप साधे आहे. आठ तासांचा दिवस धरला तर ३१२ रुपयांप्रमाणे एका तासाची मजुरी ३९ रुपये होते. सर्वांत कमी तिकीट एका तासाच्या मजुरीइतके असावे. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून ४० रुपये. दोन-अडीच तासांचे गाणे, एका तासाचे श्रम. बारा वर्षांखालील मुलांना तिकीट नको. त्यावर दुसरा दर १०० रुपये, आणि तिसरा ३०० रुपये. गावात डॉक्टर आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत, कापडाचे व्यापारी आहेत. ३०० रुपये हा त्यांच्या घरच्या एका बाहेरच्या जेवणाचाही खर्च नव्हे. साठ जणांनी ४० चे काढले तर २,४००, साठ जणांनी १०० चे काढले तर ६,०००, तीस जणांनी ३०० चे काढले तर ९,०००. बेरीज १७,४००. तूट २,६०० रुपये.

ही तूट कार्यक्रमाच्या आधी कागदावर मांडलेली असली पाहिजे आणि ती कोण भरणार त्यांची नावे तिच्यापुढे लिहिलेली असली पाहिजेत. समितीत तेरा जण असतील तर प्रत्येकी २०० रुपये. तेवढे देण्याची तयारी नसलेल्याने समितीत राहून भाषण करण्याचा मोह आवरावा. आणि पाऊस आला, वीज गेली, शंभरच लोक आले तर? त्याची तजवीज अशी, की आगाऊ विक्रीतून कलावंतांचे १०,००० रुपये जमेपर्यंत पत्रके छापायची नाहीत आणि तारीख जाहीर करायची नाही. पैसे जमले नाहीत तर कार्यक्रम पुढे ढकलावा. त्यात अब्रू जात नाही. ती तबलजीला रिकाम्या हाताने परत पाठविण्यात जाते.

तीन दर म्हटले की तीन प्रकारच्या खुर्च्या आल्या, असे कुणी समजू नये. येथे मी आग्रही आहे. तिन्ही तिकिटांचा रंग एक, जागा एक, आधी येईल तो पुढे बसेल. जास्त देणाऱ्याला जास्त काहीही मिळणार नाही. मिळेल ते एवढेच, की त्याच्या गावात गाणे होत राहील. कोण कोणते तिकीट घेतो याची विचारपूस करायची नाही, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. चांगल्या पगाराचा एखादा मनुष्य ४० चे तिकीट घेईल. घेऊ द्या. त्याला पकडण्यासाठी दारावर पोलिसी चौकशी सुरू केली तर पहिला मागे फिरेल तो मजूर, पगारदार नव्हे.

पास हा तर आपल्या सार्वजनिक जीवनाला जडलेला रोग आहे. ज्यांना तिकीट परवडते त्यांच्याकडेच पास जातात : अधिकारी, पुढारी, देणगीदारांचे मेहुणे. पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या, आणि ते यायचे नाहीत. गाणारा रिकाम्या सोफ्यांकडे पाहून गात राहतो. पास एकाच वर्गाला द्यावा : ज्यांनी सतरंज्या घातल्या, खुर्च्या वाहिल्या, पत्रके वाटली त्यांना. त्यांनी आपले तिकीट श्रमाने काढलेले असते. इरजिकेचा एवढा अंश आपल्या कार्यक्रमात टिकविता येईल.

दराइतकाच महत्त्वाचा भाग हंगामाचा आहे, आणि तो शहरातील संयोजकांना कळत नाही. पोळ्याच्या सुमाराचे ४० रुपये आणि दिवाळीनंतरचे ४० रुपये हे एकच नव्हेत. पोळ्याला कापूस शेतात उभा असतो, घरात असते ते कर्ज. वेचणी सुरू झाली की किलोवर मजुरी घेणाऱ्या बायांच्या हातात रोख येते; व्यापाऱ्याचा काटा खरा असला तर शेतकऱ्याच्याही. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला, पण हमीभाव जाहीर होणे आणि तो हातात पडणे यांत काय अंतर असते ते या सभागृहात मी सांगण्याची गरज नाही. लहान कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत आणि शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावेत.

बाजाराच्या दिवशी अशासाठी, की तिकिटाचा दर दारावर संपत नाही. आपल्या जिल्ह्याची बहुसंख्य वस्ती खेड्यांत आहे. खेड्यातून येणाऱ्याला एस.टी.चे भाडे जाऊन-येऊन द्यावे लागते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे झाले, ही आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. पण रात्री साडेदहाला कार्यक्रम संपला आणि शेवटची गाडी साडेआठला सुटली असेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? मग येतात ते मोटारसायकल असलेले पुरुष. आपण म्हणतो, बाया गाणे ऐकायला येत नाहीत. आपण वेळ अशी ठेवतो की त्यांनी येऊ नये. चार वाजता सुरू करा, सात वाजता संपवा. मैफल रात्रीशिवाय रंगत नाही हा समज रात्री घरी स्वयंपाक करावा न लागणाऱ्यांचा आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. पूर्वी तिकिटावर करमणूक शुल्क होते. मुंबई इलाख्यात त्याचा कायदा १९२३ चा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. गाणे, नाटक, लोककला यांच्या तिकिटाला सुरुवातीस २५० रुपयांपर्यंत आणि जानेवारी २०१८ पासून ५०० रुपयांपर्यंत या करातून माफी मिळाली. आपले तिन्ही दर त्या मर्यादेत बसतात, तेव्हा कराचे कारण सांगून कुणी दर वाढवू लागला तर ऐकू नये. नगरपरिषदेचा काही आकार आहे का, एवढे मात्र विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट प्रताधिकाराची. १९५७ च्या कायद्यात हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तिकीट लावले की ती जाते आणि हक्क शाबूत असलेल्या गीतांसाठी परवाना घ्यावा लागतो. काही मित्रांना हा जाच वाटतो. पण गीत लिहिणारा आणि चाल बांधणारा हेही श्रमिकच आहेत. १९७३ साली याच यवतमाळात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते, म्हणजे जो मनुष्य लेखणीच्या मजुरीवर जगला तो. त्या मजुरीचा वाटा खर्चाच्या यादीत धरायचा नाही, हे आपल्याला शोभणारे नाही. संतांच्या अभंगांना अर्थातच कुणाचा परवाना लागत नाही.

एका प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही, तेही सांगतो. ४० रुपये ज्याला खरोखर जड आहेत, तो दाराशी येतच नाही; तो लांबून लाऊडस्पीकर ऐकतो. ‘नसतील तर तसेच आत या’ अशी पाटी आम्ही एकदा लावून पाहिली. त्या पाटीखालून एकही मनुष्य आत आला नाही. गरिबाला फुकटाची भूक असते असे समजणाऱ्यांनी ती पाटी पाहायला हवी होती. मग आम्ही समितीतील एका बाईंच्या सांगण्यावरून ३०० च्या प्रत्येक तिकिटामागे ४० ची दोन तिकिटे काढून ठेवली आणि ती वेचणीच्या बायांच्या टोळीला, त्यांच्या मुकादमामार्फत नव्हे तर त्यांच्याच हातात, चार दिवस आधी नेऊन दिली. अकरा जणी आल्या. मागच्या रांगेत बसल्या, मध्यंतरात पुढे सरकल्या. हा उपाय पुरेसा आहे असे मी म्हणत नाही. त्यातही देणारा हात वर राहतोच. कुणाला याहून चांगले सुचले तर आज दुपारच्या चर्चेत जरूर मांडावे.

माझी विनंती एवढीच, की चर्चेला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या शेवटच्या कार्यक्रमाचा हिशेब सोबत आणावा. जमा किती, खर्च किती, आणि साथीदारांना प्रत्यक्ष हातात काय पडले, हे तीन आकडे फळ्यावर लिहू. ज्यांना तिसरा आकडा आठवत नसेल त्यांनी जेवणाच्या सुटीत साथीदाराला फोन करून विचारून घ्यावा.